सोनेरी झालर

“उसव ती.”

तबिथाने गावच्या पलटणीचं निळं रेशमी निशाण सुनेच्या मांडीवर टाकलं. “ही झालर म्हणायची की बोकडाची दाढी? दुप्पट रुंद लाव. आणि त्यावरच्या गरुडाच्या पंखांत अजून जरीचे टाके भर.”

केझायाने मुकाट्याने कात्री उचलली. उकाड्याने सगळं गाव हैराण झालं होतं, पण तिच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद होत्या. पायाशी टोपलीत तिची तान्ही लेक लिडी कुरकुरत होती.

“आई, कड साधीच राहू दे ना,” ती हळूच म्हणाली. “शेजारच्या गावचं निशाण असंच झगझगीत होतं. लढाईत दक्षिणवाल्या बंडखोरांनी आधी तेच टिपलं. धरणारा पोरगा गेला, मागून उचलणाराही गेला.”

“मग?”

“हे रूबेनच्या हातात असणार.”

“निशाण धरायचा मान त्याने मागून घेतलाय. तुझ्या का पोटात दुखतंय?”

तबिथाने भिंतीकडे बोट केलं. तिथे रूबेनच्या बापाची तसबीर होती. मेक्सिकोच्या लढाईत तो निशाण हातात असतानाच मारला गेला होता. त्याचं नाव निघालं की गावातली माणसं अजूनही टोपी काढत.

“त्याचा मुलगा आहे तो. साधी कड घेऊन मिरवेल?”

“तुमचाही मुलगाच आहे ना?”

“जीभ कमी चालव, सुई चालव.”

जिन्यावर बूट वाजले. लिडी एकदम गप्प झाली. दारात रूबेन उभा राहिला, तोंडात पेटता पाइप.

“अजून झालं नाही? दिवसभर करता काय दोघी?”

“तुझ्या बायकोला विचार,” तबिथा म्हणाली. “तिला साधं निशाण हवंय. कुणाला दिसूसुद्धा नये असं.”

रूबेनने केझायाकडे पाहिलं. पाइप तोंडातून काढला.

“चल वर. बघतोच तुला.”

“वर-बिर काही नाही. काम पुरं होईपर्यंत ती इथून उठायची नाही. तू जा, जेवण झाकून ठेवलंय.”

तो पाय आपटत निघून गेला. केझायाचे डोळे भरून आले.

“कशाला सांगितलंत त्याला? मी काय वाकडं केलंय तुमचं?”

“टाके बघ आधी. वाकडे येताहेत.”

केझायाने वाकडा टाका उसवायला दोरा जोरात ओढला. बटण सुटलं, बाही सरकली. मनगटाच्या वर लालभडक गोल डाग होता, त्याच्या शेजारी आणखी एक. तिने घाईघाईने बाही ओढली.

“चुलीचा चटका बसला.”

तबिथा उठली. तिने दार लावून घेतलं, लिडीची टोपली स्वतःच्या पायाशी ओढली आणि आपली बाही कोपरापर्यंत वर केली. तिच्या हातावर तसेच गोल डाग होते. जुने, पांढरे पडलेले.

मग तिने जरीचा दोरा सुईत ओवून सुनेपुढे धरला.

“उन्हात लांबून चमकली पाहिजे,” ती म्हणाली. “ह्याच्या बापाच्या निशाणाला झालर मीच लावली होती.”