आतली कडी

शवपेट्या बनवण्यात हयात गेलेल्या सुताराला डॉक्टरांनी दोन महिने दिले. त्यातले तीन दिवस त्याने स्वतःच्या पेटीला दिले.

झाकणाला आतून उघडणारी कडी पाहून लेक भडकली. आई गेल्यापासून तिने चर्चची पायरी चढली नव्हती.

"बाबा, चेष्टा सुचतेय तुम्हाला?"

"चेष्टा कसली? प्रभूने हाक मारली की उठायचंय मला. तेव्हा झाकण उघडायला तुला कुठे शोधत बसू?"

"आणि नाहीच मारली तर?"

"मारणार गं. त्याची काळजी नाही. तोवर कडी गंजायला नको, एवढंच."

दफनाच्या सकाळी झाकण लावायच्या वेळी लेकीने सगळ्यांना थांबवलं. बाबांच्या कारखान्यातून तेलाची बुधली आणली, कडीवर दोन थेंब सोडले आणि ती नीट सरकते ना, हे दोनदा पाहिलं.