चार फूट काळी माती

हेमचंद्र माती तपासणारे इंजिनिअर. दवाखान्याच्या पार्किंगसाठी त्यांनी अहवालात ठणकावून लिहिलं होतं, "काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. चार फूट खोदून सगळी बाहेर काढा, मुरूम भरा, मगच वर काँक्रीट." ठेकेदार कुरकुरला, पण ते हटले नाहीत.

दोन पावसाळे गेले, पार्किंगला केसाएवढी भेग नाही. त्याच सुमारास लेकीच्या नावानं बांधलेल्या त्यांच्या 'सावनी' बंगल्यात मात्र फरशी वर उचलली जात होती. बांधकामाच्या वेळी तिथं बघायला त्यांना वेळच नव्हता; सगळं काम ओळखीच्या गवंड्यावर सोडलेलं. आज सकाळी देवघराचं दार अडकलं, तेव्हा आई हळूच म्हणाली, "हेमा, या फरशीखाली काहीतरी जिवंत आहे रे."

दुपारी पार्किंगमध्ये तिथली माती वाहून नेणारा टिप्परवाला सांडू भेटला. हेमचंद्रांनी सहज विचारलं, "काय रे, इथली एवढी माती टाकली कुठं?"



"टाकून देतो व्हय साहेब? गारखेड्यात एका बंगल्याचं जोतं भरायचं होतं, तिथं नेऊन ओतली. आता पाटी लागलीय बघा दारावर, 'सावनी' म्हणून."