मुलग्यांची वंशावळ

"आपल्या घराण्यात पहिल्यापासून मुलगेच," हे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. हॉलमध्ये लावायची वंशावळ शोधून काढायचं काम मात्र त्यांनी पुतणीकडे, म्हणजे माझ्याकडे दिलं. घरातले मुलगे कामात होते. कसल्या, ते विचारायचं नसतं.

सगळा उन्हाळा मी दप्तरखान्यात जुन्या नोंदी चाळत, शिंकत काढला आणि नऊ पिढ्या जुळवून आणल्या. कागद बघून काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"यात मुली कशाला? त्या लग्न करून दुसऱ्यांच्या घरी गेल्या. काढून टाक सगळ्या."

काढल्या. स्वतःलाही काढलं, त्याला फारसा वेळ लागला नाही. नवा कागद काकांपुढे ठेवला. वर चार पिढ्या, खाली सगळं कोरं.

"हे काय? आम्ही कुठे गेलो?"

"पाचव्या पिढीत एकच अपत्य होतं काका, आणि ती मुलगी होती. नवरा घरजावई म्हणून आला आणि त्याने तिचंच आडनाव लावलं. आपण सगळे तिच्या पोटचे. ती गेली, तिच्याबरोबर आपणही गेलो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फ्रेम करून आली होती. भिंतीत खिळासुद्धा ठोकून झाला होता.

"मग तिला मुलगा म्हणून लिही," ते म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

आमच्या घराण्यात पहिल्यापासून मुलगेच कसे होत आले, ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.