एक्कावन्न

जगदेवीचे कान टोचले त्या साली, फसली तेराशे बेचाळीसला, दिवाळीच्या तोंडावर शिवाप्पानं वाटणी मागितली. जगदेवी त्याचीच पोर, पण झोपायची थोरल्या भावाच्या, पिराप्पाच्या कुशीत. पिराप्पाला लेकरू नव्हतं. वाटणी झाली की शिवाप्पा बायकोपोरीला घेऊन आळंदकडं, सासरवाडीला जाणार होता.

"पाडव्याला मेंढरं मोजू," त्यांची आई गौरम्मा म्हणाली. "पर रीत मोडायची न्हाई."

रीत अशी, की दोन्ही वाट्यांचा आकडा न फुटणारा हवा. चिंचोके सारख्या ओळींत मांडून बघायचं. नऊ फुटतात, तिनाच्या तीन ओळी होतात. सात फुटत नाहीत. फुटणारा वाटा पुढं पोरांतही फुटतो, म्हणून तो कुणाला द्यायचा नाही. आकडा जमला नाही तर वाटणी वर्षभर पुढं.

मेंढरं बावन्न होती. पिराप्पानं ओढ्याकाठी चिंचोके मांडले. तेवीस आणि एकोणतीस. दोन्ही न फुटणारे. चारापासून शंभरापर्यंत त्यानं सगळे सम आकडे मांडून पाहिले. एकही अडला नाही.

मग त्यानं बावन्नातला एक चिंचोका उचलला. एक्कावन्नाचे दोन वाटे केले की एक वाटा सम येणारच, आणि सम म्हटलं की तो फुटणार. दोनच तेवढे फुटत नाहीत. पण दोन काढले तर उरतात एकोणपन्नास. साताच्या सात ओळी.

"अण्णा, चिंचोके पेरायलास का काय?" मागून साताच्या ओळींकडं बघत शिवाप्पा हसला. "चिंच उगवस्तोवर मी थांबत न्हाई!"

"तुला लई घाई झाली."

"व्हय. जगदेवीचं बोचकं बांधाय लावलंय."

पिराप्पानं चिंचोके गोळा केले. पाडव्याच्या आदल्या दुपारी कमलनगरच्या वाटेवर भीमण्णा धनगर भेटला. पिराप्पानं एक मेंढी त्याच्या कळपात ढकलली.

"कामून रं?"

"इचारू नको. ठेव."

पाडव्याला गौरम्मा मेंढवाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवत तिनं मोजलं.

"पन्नास."

"परत मोज, अव्वा!" पिराप्पा ओरडला.

परत पन्नासच.

"लांडगा पडला आसंल," शिवाप्पा खाली बघत पुटपुटला.

भीमण्णाकडची मेंढी पिराप्पाला आता उघड करता येईना, लबाडी कळली असती. गौरम्मानं चिंचोके मांडले. एकोणीस आणि एकतीस. एकतीस लेकुरवाळ्या धाकट्याला. दुपारी गाडी निघाली. जगदेवी पिराप्पाचं धोतर सोडेना, तिला ओढून गाडीत घातलं. धाकट्यानं मागं वळूनही बघितलं नाही. ते पिराप्पाच्या मनात बसलं. दहा वर्षं तो आळंदकडं फिरकला नाही.

फसली तेराशे बावन्नच्या आषाढात नौबादच्या बाजारात एका म्हातारीनं त्याला अडवलं.

"तू शिवाप्पाचा अण्णा न्हवं? मी रत्नम्मा. तुमची वाटणी व्हायची व्हती, त्याच्या आदल्या सांजंला त्यानं मला एक मेंढी दिल्ती. सासरवाडीला शबुद देऊन बसला व्हता, मागं फिरता येईना. म्हनला, एक्कावन झाले की वाटणी अडती, अण्णाला कळू देऊ नको. त्या मेंढीची आता पंधरा मेंढरं झालीत. त्याची त्याला द्यायचीत. कुठं आसतो त्यो?"

"शिवाप्पा गेल्या चैती पुनवेला वारला," पिराप्पा म्हणाला.