साडेतीनचा कोन

घटस्फोटानंतर कोर्टाने कल्पेशला मुलीसाठी रविवारचे दोन तास दिले होते. "बाबा, घड्याळाच्या काट्यांमधला कोन मला काढताच येत नाही," असं मनू मागच्या रविवारी म्हणाली, तेव्हापासून तो रोज कामावरून घोडपदेवला परतला की वही घेऊन ते गणित आधी स्वतः शिकत होता.

आज दादरच्या हॉटेलात त्याने तिला सगळं नीट समजावलं.

"सांग, साडेतीनला किती?"

"पंचाहत्तर अंश. छोटा काटापण थोडा पुढे सरकतो ना!"

"अगं, एका दमात जमलं की तुला!" कल्पेशचा ऊर भरून आला.

मनूने मान खाली घातली.

"नव्या पप्पांनी मंगळवारीच शिकवलं होतं. मम्मी म्हणाली, बाबा शिकवेल तर शिकवू दे, तेवढंच बरं वाटेल त्याला."