मागचंच माप

कपाट उघडलं ते बापानेच, आणि तेही असं ऐटीत की आत जसा काही खजिनाच ठेवलाय.

"हे तिचं कपाट, मॅडम. आणि हे कपडे. परवाच नवीन शिवून घेतले."

भत्त्याच्या कार्यालयातून आलेल्या बाई आत डोकावल्या. हँगरला चार ड्रेस, खाली चपलांचा एक जोड, वर दोन कोऱ्या वह्या. बाकी कपाट रिकामं. पोरीची आई गेल्यापासून पोरीच्या नावाने दर महिन्याला भत्ता येत होता. अट एकच, पोर ज्याच्या घरी राहील पैसे त्याच्या हातात. आता पोर चार वर्षं राहत होती मावशीकडे, आणि पैसे जात होते बापाकडे. कुणीतरी बिननावाचं पत्र टाकलं म्हणून आजची ही तपासणी. ते कुणी टाकलं, हे एकट्या मावशीला ठाऊक होतं.

मावशी दाराशी उभी होती. शिवणकामावर घर चालवणारी बाई. तिला बोलावलं होतं ते साक्षीला. "पोर माझ्याकडे फक्त सुटीत येते, एवढंच म्हणायचंस," भावोजींनी आधीच दम भरला होता. "जास्त तोंड उघडलंस तर उद्या तिला कायमची घेऊन येईन. बाप आहे मी." या एका धमकीपायी ती चार वर्षं मूग गिळून बसली होती. पोरीची फी, पोरीचा चष्मा, पोरीची दाढ, सगळं तिने मशीनवर पाय मारमारून भागवलं होतं.

आणि या माणसाचा चिकटपणा तरी किती! कपाटात टांगायला कपडे हवेत, तर शिवायला टाकले कुणाकडे? मेहुणीकडेच. फुकटात होतील म्हणून. तिने विचारलंही होतं, "माप कुठलं घेऊ, भावोजी?" तो फोनवर बोलत होता. "वहीत असेल की मागचं," म्हणाला, "तेच घे."

तिने वही काढली. पोरीला पिशवीसकट दारात सोडून तो गेला, त्या आठवड्यात घेतलेलं माप होतं ते. अकरा वर्षांच्या पोरीचं. त्याच मापावर तिने कात्री चालवली. शिवणीत बोटभर माया ठेवली नाही, उसवून मोठा करायची सोयच नको. एवढं करून, तो न्यायला आला तेव्हा एक ड्रेस उलगडून त्याच्या नाकासमोर धरला. "नीट बघून घ्या हं. होईल ना तिला?"

"अगदी," तो म्हणाला, आणि ड्रेस पिशवीत कोंबला.

आज सकाळी पोर दारात उभी राहिली, तेव्हा तिचं डोकं बापाच्या कानापर्यंत पोचत होतं. "अरे वा, उंच झालीस," एवढं बोलून तो सोफ्यावरचे अभ्रे सारखे करायला वळला. ड्रेस त्याला आठवलेसुद्धा नाहीत.

बाईंनी हँगरवरून एक ड्रेस काढला. "इकडे ये गं जरा." त्यांनी तो पोरीच्या खांद्यांना लावून धरला. खांदे दोन्हीकडून बाहेर. खालचा काठ कसाबसा मांडीच्या मध्यापर्यंत.

"परवाच शिवला म्हणालात ना?"

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. "ही मेहुणी... हिनेच शिवलेत. पहिल्यापासून धांदरट आहे."

"माप तुम्ही सांगितलंत, भावोजी," मावशी शांतपणे म्हणाली. "मागचंच घे म्हणालात."

बाईंनी फाइल उघडली. मावशीच्या जिवाला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोला! त्याचा तो गोरामोरा चेहरा तिला डोळे भरून बघायचा होता, आणि ती बघत होती.

पण तो असा हार मानणारा नव्हता. "नाही मॅडम, होतो तिला. थोडा अंगाबरोबर बसतो, एवढंच. हल्ली तशीच फॅशन आहे."

"घालून दाखवू?"

पोर बोलली होती. आल्यापासून पहिल्यांदाच. ड्रेसची भानगड मावशीने तिला सांगितली नव्हती. मावशीने चमकून तिच्याकडे पाहिलं. शेवटी बापच तो. चार वर्षांनी त्याने हसून बघितलं, आणि ही त्याला सांभाळून घ्यायला निघाली की काय?

"घाल ना, घाल," बाप घाईने म्हणाला. "दाखव मॅडमना."

पोरीने अंगातल्या कपड्यांवरूनच ड्रेसमध्ये हात घातले. बाह्या दंडाशी अडकल्या, त्या तिने ओढून वर घेतल्या. कुठेतरी टाका तुटल्याचा आवाज आला. मग ती खोलीच्या मधोमध गेली आणि बापाकडे पाठ करून उभी राहिली.

"बाबा, मागचे हुक लावता? माझा हात पोचत नाही."

तो जागचा हलेना. बाईंनी पेन कागदावर टेकवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा तो पुढे झाला. ड्रेसच्या दोन्ही कडा त्याने दोन हातांत धरल्या. मध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. त्याने ओढलं. पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला.

"ओढा ना, बाबा," पोर समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मी श्वास धरलाय."