सात नंबरचे निरोप

"नुसतं 'हॅलो' लिहून गप्प बसायचं नाही," डेस्कवरच्या बाई सहा नंबरच्या मेकॅनिकला झापत होत्या. "तुमच्या त्या हॅलोचं मी काय लोणचं घालू? आणि 'लिफ्ट बंद' म्हणजे काय? कुठली लिफ्ट? आत कुणी अडकलंय का?"

सहा नंबर मान खाली घालून उभा होता.

"काय ते एकाच मेसेजमध्ये नीट लिहायचं. सात नंबरकडून शिका जरा."

लिफ्ट दुरुस्त करणारी ही छोटी कंपनी. चौदा मेकॅनिक शहरभर पांगलेले, आणि त्यांना बांधून ठेवणारा दोरा म्हणजे बाईंच्या डेस्कवरचा कॉम्प्युटर. पूर्वी सगळं फोनवर चालायचं. आठ वर्षांपूर्वी कंपनीनं प्रत्येकाला एकेक फोन दिला आणि सगळा कारभार मेसेजवर आला. तेव्हापासून बाईंचं डोकं रोज उठत होतं. कुणी जेवणाच्या वेळी वीस मेसेज टाकायचा, कुणी कामाच्या ग्रुपवर पोराचा फोटो.

अपवाद एकच.

"नमस्कार ताई," सात नंबर लिहायचा. "टपाल कचेरीमागची इमारत, डावीकडची लिफ्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली होती, आत कुणी नव्हतं. दाराचा पट्टा बदलला, आता चालू आहे. चहा घेऊन नोंद केलीत तरी चालेल, घाई नाही."

उत्तर यायला पाच-सात मिनिटं लागायची, पण वाचून जीव सुखावायचा.

गंमत म्हणजे हाच माणूस समोर आला की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. हो. नाही. बघतो. शब्दांवर जणू कर बसवला होता कुणी. कान मात्र तयार. बाकीचे मेकॅनिक अडले की त्याला फोन लावून मोटरजवळ धरायचे. तो क्षणभर ऐकायचा आणि म्हणायचा, "वरचं बेअरिंग." ते वरचंच निघायचं.

एरवी त्याच्या गळ्यात बटणांचा जुना फोन लटकलेला, कानात वायर, आणि हळू आवाजात बायकोशी बोलणं चाललेलं.

"दिवसाला वीस फोन!" पोरं चिडवायची. "आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा आम्ही एवढं बोललो नव्हतो!"

तो नुसता हसायचा.

महिनाअखेरीस बाई निवृत्त होणार होत्या. खुर्ची कुणाला द्यायची ते साहेबांनी बाईंवरच सोपवलं होतं, आणि बाईंच्या मनात एकच माणूस होता. त्यातून सात नंबरच्या गुडघ्यानं दगा दिलेला. वर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डेस्क मिळालं नाही तर त्याला कायमचं घरी बसावं लागणार होतं.

सोमवारी बाईंनी त्याला तसं लिहून विचारलं. "नमस्कार ताई. विचार करून कळवतो," एवढंच उत्तर आलं. दुपारी तो स्वतःच दोन जिने लंगडत चढून आला, दारातूनच "नको ताई" म्हणाला आणि माघारी वळला.

बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. बुडत्याला फळी टाकावी आणि त्यानं ती पायानं ढकलावी? आठवडाभर त्यांना दुसरं काही सुचेना. शुक्रवारी पाचच्या आत साहेबांकडे नाव द्यायचं होतं. चार वाजता त्यांनी सात नंबरला बोलावून घेतलं.

तो दुखरा पाय लांब करून समोर बसला. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही.

"डॉक्टर काय म्हणाले परत?"

"तेच."

"मग?"

"बघतो."

"अहो, बघतो काय! बसून करायचं काम आहे. फक्त लिहायचं. आणि तुमच्यासारखं लिहिणारं इथं दुसरं कुणी नाही."

"म्हणूनच नको, ताई."

"म्हणजे?"

तो पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. "खोटं होईल ते."

"कसलं खोटं? तुम्ही नाही म्हणालात तर सोमवारपासून काम बंद. कळतंय ना?"

"हो."

बाईंना रागही आला आणि वाईटही वाटलं. इतक्या वर्षांत याच्या एका मेसेजनं त्यांची कितीतरी खराब दिवस सावरले होते. आणि आता तोच माणूस एक कारण सांगायला तयार नव्हता. घड्याळात साडेचार झाले. बाईंनी साहेबांकडे द्यायच्या कोऱ्या फॉर्मवर पेन टेकवलं.

तेवढ्यात कॉम्प्युटर टिंग वाजला.

बाईंनी सवयीनं पडद्याकडे पाहिलं. सात नंबरचा मेसेज होता.

त्यांनी मान वर केली. सात नंबर समोरच बसला होता. त्याचे दोन्ही हात पेल्याभोवती होते आणि बटणांचा फोन गळ्यात लटकत होता.

"नमस्कार ताई. ते आता तुमच्यासमोर बसले असतील. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. कंपनीचा फोन आठ वर्षं घरी माझ्याजवळच असतो. तुमचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवते, ते सांगतात तसं लिहिते. 'नमस्कार' आणि 'घाई नाही' तेवढं माझ्या पदरचं. त्यांना घरी पाठवलंत तरी तक्रार नाही, फक्त चारचौघांत कारण सांगू नका. उत्तर सवडीनं द्या, घाई नाही."

बाईंनी ते दोनदा वाचलं. कीबोर्ड जवळ ओढला आणि सगळं एकाच मेसेजमध्ये नीट लिहिलं.

"नमस्कार. सोमवारी सकाळी नऊला त्यांना घेऊन या. लिहायचं काम तुमचं, लिफ्ट ऐकायचं त्यांचं. टेबल एकच आहे, खुर्च्या दोन मागवते. लगेच कळवा, घाई आहे."

दोन मिनिटांनी समोरच्या माणसाच्या गळ्यातला फोन वाजला.